आसन्नतेची हमी : विषमवेगी यंत्रांवरील कार्यवाटपाचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

खिळ्यांनी छपाई होत असे त्या काळातील एखादा छापखाना डोळ्यांपुढे आणावा. नियतकालिकाच्या एका अंकाचे लेख जुळवावयाचे आहेत. जुळारी तीन आहेत. एकाचा हात चपळ, दुसऱ्याचा मध्यम, तिसऱ्याचा संथ. लेखही लहानमोठे आहेत. काही पाच पृष्ठांचे, काही तीस पृष्ठांचे. एक लेख दोघांत तोडून द्यावयाचा नाही, असा छापखान्याचा दंडक आहे. सर्वांत मागे राहिलेल्या जुळाऱ्याचे काम संपले की अंक जुळून झाला. तेव्हा कोणता लेख कोणाकडे सोपवावा, म्हणजे हा शेवटचा क्षण शक्य तितका अलीकडे येईल?

संगणनशास्त्रात हाच प्रश्न 'विषमवेगी समांतर यंत्रांवरील कार्यनियोजन' या स्वरूपात मांडला जातो. जुळाऱ्याच्या जागी यंत्र, लेखाच्या जागी कार्य, पृष्ठसंख्येच्या जागी कार्यभार. कार्यभाराला यंत्राच्या वेगाने भागले की त्या यंत्रावर त्या कार्याला लागणारा वेळ मिळतो. सर्व यंत्रे आपापली कामे संपवून मोकळी होण्यास लागणाऱ्या काळाला येथे 'समाप्तिकाल' म्हटले आहे. तो लघुतम करणे हे उद्दिष्ट.

साहित्याच्या अभ्यासकाला या विषयात रस वाटावा तो यंत्रांमुळे नव्हे. जे उत्कृष्टतम उत्तर हाती येण्याचा संभव नाही, त्याच्यापासून आपण किती दूर आहोत हे त्या उत्तराचे दर्शनही न घेता सांगता येते काय, हा या शास्त्रशाखेचा गाभ्याचा प्रश्न आहे. 'मूळाच्या जवळ जाणारा अनुवाद', 'मूळ संहितेशी सन्निकट पाठ' असे शब्दप्रयोग साहित्यविचारात नित्य आढळतात. 'जवळ' या शब्दाला कोणत्या अटींवर निश्चित अर्थ प्राप्त होतो, याचे एक काटेकोर उदाहरण म्हणून या विषयाकडे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. आदर्श उत्तराची दुर्लभता

आदर्श वाटप अस्तित्वात असते यात संशय नाही. तीन जुळारी आणि साठ लेख असतील, तर वाटपाचे प्रकार कितीही झाले तरी मोजके आहेत. त्यांपैकी एखादा तरी सर्वोत्तम असणारच. परंतु हे 'मोजके' म्हणजे तीनचा साठावा घात होय. ती संख्या २९ अंकी आहे. सेकंदाला एक अब्ज वाटपे तपासणारे यंत्र या कामी लावले, तरी एक लाख कोटी वर्षांहून अधिक काळ लागेल.

सगळी वाटपे तपासण्याऐवजी एखादी चतुर युक्ती नाही काय? १९७१ मध्ये स्टीफन कुक यांनी आणि १९७२ मध्ये रिचर्ड कार्प यांनी जी मांडणी केली, तिच्यावरून या शंकेचे स्वरूप स्पष्ट झाले. कार्प यांनी एकमेकांशी बांधलेल्या २१ कठीण प्रश्नांची यादी दिली. त्यांपैकी कोणत्याही एकाला शीघ्र रीती सापडली, तर सर्वांनाच सापडेल. दिलेल्या संख्यांचे समान बेरजेचे दोन गट पाडता येतात काय, हा प्रश्न त्या यादीत आहे. सारख्या वेगाच्या दोनच यंत्रांवर कामे वाटण्याचा प्रश्न त्याहून सोपा नाही, हे उघड आहे. अशी शीघ्र रीती नसावी, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. मात्र ती नाहीच, हे अद्याप सिद्ध झालेले नाही.

येथून दोन वाटा फुटतात. एक, अनुभवाने बरे वाटेल ते वाटप करून स्वस्थ बसावे. दुसरी, शीघ्र रीतीने मिळालेले वाटप आदर्शाच्या किती पटीत राहील, याची सिद्धता द्यावी. पहिली व्यवहाराची वाट, दुसरी शास्त्राची. या दुसऱ्या वाटेवरील रीतींना मराठीत काय म्हणावे?

३. 'आसन्न' ही संज्ञा

'अंदाजे', 'ढोबळ', 'जवळपास' हे प्रचलित शब्द येथे पुरे पडत नाहीत. त्यांत हमीचा अर्थ नाही. भारतीय गणितपरंपरेत मात्र एक नेमका शब्द उपलब्ध आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ दिला आणि हे मान 'आसन्न' आहे असे नमूद केले. या मानावरून परीघ व व्यास यांचे गुणोत्तर ३.१४१६ येते. पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या संधिकाळातील केरळीय गणिती नीलकंठ सोमयाजी याने आर्यभटीयाच्या भाष्यात या शब्दाचे कारण विचारले आणि दिले : ज्या मापाने व्यास निःशेष मोजला जातो, त्याच मापाने परीघ मोजू गेल्यास काही तरी शेष उरतोच, म्हणून खरे मान न देता आसन्न मान दिले आहे.

आसन्न म्हणजे समीप बसलेले. हे चुकीचे नव्हे, आणि अंदाजाने फेकलेलेही नव्हे. म्हणून प्रस्तुत निबंधात 'आसन्न रीती' हीच संज्ञा योजली आहे. मात्र एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. वर्तुळाच्या बाबतीत यथार्थ मान अपूर्णांकात सांगताच येत नाही. कार्यवाटपात यथार्थ उत्तर आहे, ते पूर्णांकांनी मांडताही येते. तेथवर पोहोचण्याचा काळ तेवढा आपल्यापाशी नाही. पहिल्या ठिकाणी अडचण संख्येच्या स्वभावात आहे, दुसऱ्या ठिकाणी शोधाच्या खर्चात.

४. समान वेग : ग्रॅहम यांचा युक्तिवाद

विषम वेगांकडे वळण्यापूर्वी समान वेगाचा सोपा प्रकार पाहणे इष्ट होय. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील गणिती रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात एका अगदी साध्या नियमाचा विचार केला. कामांची कोणत्याही क्रमाने यादी करावी. जे यंत्र मोकळे होईल त्याला यादीतील पुढचे काम द्यावे. हा नियम कोणत्याही मुकादमाला सुचेल असाच आहे. ग्रॅहम यांचे कर्तृत्व नियम शोधण्यात नसून त्याची हमी सिद्ध करण्यात आहे.

युक्तिवाद असा : सर्वांत शेवटी संपलेले काम घ्यावे. ते सुरू झाले त्या क्षणापर्यंत एकही यंत्र रिकामे नव्हते. असते तर ते काम आधीच त्याला मिळाले असते. म्हणजे तोवरचा काळ सर्व कामांच्या सरासरी वाटणीपेक्षा अधिक असू शकत नाही; आणि आदर्श वाटपालाही सरासरीहून कमी वेळ पुरणार नाही. उरला त्या शेवटच्या कामाचा स्वतःचा अवधी. तेही काम आदर्श वाटपात कोठे तरी करावेच लागते, म्हणून त्याचा अवधीदेखील आदर्श समाप्तिकालाहून अधिक नाही. दोन्ही मिळून आदर्शाच्या दुपटीपलीकडे काळ जात नाही. बारकाईने हिशेब केल्यास यंत्रांची संख्या म असता हमी '२ वजा १/म' इतकी येते.

या युक्तिवादात आदर्श वाटपाचा शोध कोठेही घेतलेला नाही. त्याच्याविषयी फक्त दोन गोष्टी वापरल्या : तो सरासरीहून कमी नसतो आणि कोणत्याही एका कामाच्या अवधीहूनही कमी नसतो. अशा विधानांना 'अधःसीमा' म्हणता येईल. आदर्श अज्ञातच राहतो; पण तो ज्या रेषेच्या खाली जाऊच शकत नाही ती रेषा ज्ञात असते, आणि आपले अंतर त्या रेषेपासून मोजले जाते. आसन्न रीतींचे सारे शास्त्र या एका कल्पनेवर उभे आहे.

१९६९ मध्ये ग्रॅहम यांनी दाखविले की यादी मोठ्या कामापासून लहान कामाकडे अशी लावली, तर हमी ४/३ च्या आत येते. तीन, तीन, दोन, दोन, दोन अशा पाच कामांची दोन यंत्रांवर वाटणी करून पाहावी. दीर्घ-प्रथम नियमाने समाप्तिकाल सात येतो. दोन्ही 'तीन' एकीकडे आणि तिन्ही 'दोन' दुसरीकडे दिले तर सहा. ७/६ हेच दोन यंत्रांसाठीचे सर्वांत वाईट गुणोत्तर आहे.

१९६६ च्या निबंधातच एक चमत्कारिक निरीक्षण आहे. काही कामे इतर कामांनंतरच सुरू होऊ शकतात, असे बंधन असले की सुधारणाच अपायकारक ठरू शकते. ग्रॅहम यांच्या नऊ कामांच्या उदाहरणात तीन यंत्रांवर काम १२ घटकांत संपते. चौथे यंत्र जोडले की तीच यादी १५ घटक घेते. प्रत्येक कामाचा अवधी एकेक घटकाने कमी केला तरी काळ १२ वरून १३ होतो, आणि काही बंधने सैल केली तर १६. कारण असे की जादा यंत्रामुळे किरकोळ कामे पुढे सरकतात आणि दीर्घ काम मागे पडते. ही विसंगती असूनही साध्या नियमाची दुपटीची हमी अभंग राहते. विपरीताला मर्यादा घालणे हेच हमीचे प्रयोजन होय.

५. विषम वेग : नियमाची फेरमांडणी

वेग भिन्न झाले की ग्रॅहम यांच्या युक्तिवादातील दुसरे विधान कोसळते. शेवटचे काम संथ यंत्राच्या वाट्याला आले असेल, तर त्याचा तेथील अवधी आदर्श समाप्तिकालाहून कितीही मोठा असू शकतो. समजा, एक जुळारी दिवसाला दहा पृष्ठे जुळवितो, दुसरा एकच. आणि दहा-दहा पृष्ठांचे दोन लेख आहेत. 'मोकळा असेल त्याला द्या' या नियमाने प्रत्येकाला एकेक लेख मिळेल आणि अंक दहा दिवस अडकेल. दोन्ही लेख चपळ जुळाऱ्याला दिले असते तर दोन दिवस पुरले असते. वेगांतील तफावत वाढेल तसे हे गुणोत्तर अमर्याद वाढते. समानांमध्ये जी न्याय्य वाटणी ठरली असती, ती असमानांमध्ये सर्वांनाच खोळंबून ठेवते.

म्हणून नियम बदलावा लागतो : कोण मोकळा आहे हे न विचारता, कोणाकडे दिल्यास हे काम सर्वांत लवकर संपेल हे विचारावे. वरील उदाहरणात हा नियम दोन्ही लेख चपळ जुळाऱ्याला देतो. यूकून चो आणि सर्ताज साहनी यांनी १९८० मध्ये या नियमाचे विश्लेषण केले. साहनी हे जन्माने पुण्याचे आणि कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर. त्यांचे पुढील कार्य अमेरिकेत झाले. दोन यंत्रांसाठी त्यांनी जी हमी सिद्ध केली ती संख्या अनपेक्षित आहे : एक अधिक पाचाचे वर्गमूळ, भागिले दोन; म्हणजे सुमारे १.६१८, ज्याला सुवर्ण गुणोत्तर म्हणतात ते.

भारतीय छंदःशास्त्राच्या अभ्यासकाला ही संख्या परकी नाही. लघूची एक व गुरूची दोन मात्रा धरून दिलेल्या मात्रांचे किती प्रकार होतात, याची गणना विरहांकाच्या वृत्तजातिसमुच्चयात आणि बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या छंदोनुशासनात आली आहे. एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा अशी ती संख्यामाला. प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज, आणि लगतच्या दोन संख्यांचे गुणोत्तर १.६१८ कडे झुकत जाते. याच मालेतील संख्या घेऊन वरील नियमाची परीक्षा करता येते. एक जुळारी दिवसाला आठ पृष्ठे जुळवितो, दुसरा पाच. प्रथम पाच पृष्ठांचा लेख येतो, मागाहून आठ पृष्ठांचा. पहिला लेख चपळ जुळाऱ्याकडे लवकर संपतो, म्हणून त्याच्याकडे जातो. दुसरा लेख त्याच्याकडेच दिला तर एकूण तेरा पृष्ठांना १.६२५ दिवस लागतील. संथ जुळाऱ्याकडे दिला तर १.६ दिवस. नियम दुसरा पर्याय निवडतो. आदर्श वाटपात मात्र आठाला आठ, पाचाला पाच, आणि सारे काम एका दिवसात पुरे. मालेतील पुढपुढच्या संख्या घेतल्या की हे १.६ सुवर्ण गुणोत्तराच्या हवे तितके जवळ जाते. छंदःशास्त्राचा आणि यंत्रांचा येथे काही ऐतिहासिक संबंध आहे असे नव्हे; एकाच समीकरणाने दोन्हीकडे डोके वर काढले आहे, इतकेच.

या उदाहरणातला दोष क्रमाचा आहे. लहान काम आधी आल्यामुळे त्याने चपळ यंत्र अडविले. मोठे काम आधी घेतले असते तर नियमाने आदर्श वाटपच दिले असते. तेओफिलो गोंझालेझ, ऑस्कर इबारा आणि साहनी यांनी १९७७ मध्ये सिद्ध केले की विषमवेगी यंत्रांवर दीर्घ-प्रथम नियम आदर्शाच्या दुपटीच्या आतच राहतो, मग यंत्रे कितीही असोत आणि वेग कसेही असोत.

कारण शब्दांत सांगता येण्याजोगे आहे. समाप्तिकाल ठरविणारे अखेरचे काम आतापर्यंतच्या सर्व कामांत लहान असते. ते अन्य कोणत्याही यंत्रावर टाकले असते तरी यापेक्षा लवकर संपले नसते, हे नियमानेच पाहिले आहे. हे विधान प्रत्येक यंत्राबाबत करून सर्वांची बेरीज केली, तर असे निष्पन्न होते की एकूण कामात त्या सर्वांत लहान कामाच्या 'म वजा एक' प्रती मिळविल्या तरी जो काळ होईल, त्याहून समाप्तिकाल अधिक नाही. कामे यंत्रांइतकी किंवा अधिक असतील, तर त्या प्रतींची बेरीज एकूण कामाहून कमीच भरते. कामे यंत्रांहून कमी असल्यास संथ यंत्रे वगळून हाच विचार करता येतो. म्हणून दुपटीच्या आत. अधःसीमा येथेही तीच आहे, एकूण काम भागिले एकूण वेग. लहान कामे शेवटी ठेवण्याच्या शिस्तीने तिला पुन्हा उपयुक्त केले. पुढील संशोधनाने ही हमी अधिक घट्ट झाली. अन्नामारिया कोवाच यांच्या २०१० च्या निबंधानुसार या नियमाचे सर्वांत वाईट गुणोत्तर १.५४ आणि १.५८ यांच्या दरम्यान आहे.

तत्त्वतः याहूनही पुढे जाता येते. डोरिट होकबाउम आणि डेव्हिड श्मॉइस यांनी १९८८ मध्ये विषमवेगी यंत्रांसाठी अशी रीती दिली, की जी मागाल तितकी आसन्न होते : आदर्शाहून दहा टक्के अधिक, पाच टक्के, एक टक्का. त्यांनी प्रश्न उलटा केला. मुदत निश्चित धरावी आणि यंत्रांना आपल्या मर्यादेपेक्षा किंचित अधिक भार घेण्याची मुभा द्यावी; सर्व कामे बसली तर मुदत आखडावी, न बसली तर वाढवावी. मात्र हमी जितकी घट्ट, तितका गणनेचा खर्च भयानक वेगाने वाढतो. आसन्नतेलाही मोल आहे, आणि ते काळात मोजावे लागते.

६. वेग जेथे व्यक्तीचा नसून जोडीचा असतो

आतापर्यंत वेग हा यंत्राचा गुण मानला होता. चपळ तो सर्वच कामांत चपळ. मनुष्यांच्या बाबतीत हे क्वचितच खरे असते. संस्कृत मजकूर सराईतपणे जुळविणारा जुळारी रोमन लिपीत अडखळतो. कादंबरीचा अनुवाद सहज करणारा अनुवादक शास्त्रीय ग्रंथापुढे मंदावतो. येथे वेग हा कर्ता आणि कार्य या जोडीचा असतो, आणि कोणालाही सरसकट 'संथ' म्हणता येत नाही.

या सर्वसाधारण प्रश्नासाठी यान कारेल लेन्स्ट्रा, श्मॉइस आणि एव्हा टार्डोश यांनी १९८७ मध्ये मांडलेली व १९९० मध्ये विस्ताराने प्रसिद्ध केलेली रीती अभिजात मानली जाते. काम तोडावयाचे नाही हा दंडक प्रथम क्षणभर बाजूस ठेवावा. तोडलेल्या कामांचे वाटप शीघ्र रीतीने काढता येते, आणि ते अशा प्रकारे काढता येते की यंत्रांच्या संख्येहून अधिक कामे तुटत नाहीत. मग तुटलेले प्रत्येक काम एकेका वेगळ्या यंत्राला अखंड द्यावे. प्रत्येक यंत्रावर फार तर एक काम जादा आले. म्हणून हमी दुपटीची.

याच निबंधात दुसऱ्या बाजूचीही सिद्धता आहे : कुक व कार्प यांचे कठीण प्रश्न खरोखरीच कठीण असतील, तर कोणतीही शीघ्र रीती दीडपटीहून चांगली हमी देऊ शकणार नाही. विषमवेगी यंत्रांवर आदर्शाच्या हवे तितके जवळ जाता येत होते. येथे जवळीकेलाच भिंत आहे. दीडपट व दुप्पट यांमधील दरी प्रश्नाच्या सर्वसाधारण रूपात दीर्घकाळ तशीच राहिली आहे. आसन्नतेच्याही पायऱ्या असतात, आणि कोणता प्रश्न कोणत्या पायरीवर थांबतो हे त्याच्या स्वभावाचे वर्णन ठरते, हा या संशोधनाचा मोठा लाभ होय.

७. साहित्यविचाराशी नाते

वरील विवेचनावरून 'जवळ' या शब्दाला निश्चित अर्थ येण्याच्या तीन अटी दिसतात. अंतर मोजण्याचे एक मान हवे. आदर्श न पाहताही त्याच्याविषयी सांगता येईल अशी अधःसीमा हवी. आणि विधान निवडक उदाहरणांपुरते नको. ते प्रतिकूलात प्रतिकूल उदाहरणालाही लागू हवे.

या कसोटीवर 'मूळाच्या जवळचा अनुवाद' हा प्रयोग टिकत नाही. अंतराचे सर्वमान्य मान तेथे नाही. एकच आदर्श अनुवाद असतो हेही गृहीत धरता येत नाही. म्हणून तो प्रयोग निरर्थक ठरत नाही, परंतु तो मूल्यनिर्णय आहे, मापन नव्हे, एवढे ओळखणे आवश्यक ठरते. त्याला संगणनशास्त्राचा पोशाख चढविल्याने त्याचे प्रामाण्य वाढत नाही.

पाठचिकित्सेचे नाते याहून निकटचे आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. आदिपर्व १९३३ मध्ये आणि संपूर्ण आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली. वि. सी. सुखठणकर यांनी व्यासांचे मूळ काव्य हाती आल्याचा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येईल, तेथवरचे प्राचीनतम रूप सादर करणे एवढीच मर्यादा त्यांनी स्वतःला घालून घेतली आणि प्रत्येक पाठाचा पुरावा पानाच्या तळाशी खुला ठेवला. येथे अंतराचा आकडा नाही, म्हणून गणिती अर्थाने हमीही नाही. परंतु अप्राप्याविषयी बोलताना आपला आधार कोणता आणि तो कोठे संपतो हे सांगण्याची शिस्त तीच आहे.

या शास्त्राची एक मर्यादाही नोंदविणे उचित होय. समाप्तिकाल लघुतम करणारे वाटप फक्त शेवटचा क्षण पाहते. कोणावर किती भार पडला, संथ जुळाऱ्याच्या वाट्याला काही आले की नाही, हे ते विचारत नाही. यंत्रांच्या बाबतीत हे चालते. माणसांना वेगांच्या यादीत बसविताना उद्दिष्टाची निवड ही गणिताबाहेरची जबाबदारी असते, आणि कोणतीही हमी निवडलेल्या उद्दिष्टापलीकडे जात नाही.

भारतीय भाषांत ज्ञानव्यवहाराची परिभाषा घडविताना या विषयासाठी 'अंदाजे' वा 'स्थूल' असे शब्द रूढ झाले, तर सिद्धता व अटकळ यांतील भेद भाषेतूनच पुसला जाईल. पंधराशे वर्षांपूर्वी आर्यभटाने योजलेला 'आसन्न' हा शब्द तो भेद राखतो. मराठीखेरीज संस्कृतशी शब्दसंबंध असलेल्या अन्य भारतीय भाषांनाही तो सहज पचण्याजोगा आहे. यथार्थ हाती नाही हे तो कबूल करतो, आणि आपण त्याच्या समीप बसलो आहोत असे म्हणणाऱ्यावर ते सिद्ध करण्याचा भार टाकतो.